शिकायला थांबलेले, शिकायचे थांबलेले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीकडून काही दिवसांपूर्वी आम्हांला एक पत्र आले. त्यात दोन मागण्या होत्या. शाळेविषयीची एखादी आठवण लिहून पाठवावी, ही पहिली. आणि आपल्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांची यादी पाठवावी, ही दुसरी. पहिली मागणी आम्हांला अवघड वाटली आणि दुसरी अगदीच सोपी. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. यादी करण्यासाठी आम्ही सहा जण एका रविवारी सकाळी एकत्र बसलो आणि दिवे लागणीची वेळ झाली तरी यादी पूर्ण होईना.

जून १९८६ मध्ये पाचवीच्या वर्गात आम्ही ४१ मुले होतो. मार्च १९९२ मध्ये दहावीच्या परीक्षेला त्यांतील २७ जण बसलो. मधल्या काळात १४ मुले आमच्यातून गेली. समितीने पाठविलेल्या नमुन्यात ‘शाळा सोडल्याचे वर्ष’ असा एक रकाना आहे. त्या रकान्यापाशी आमचे घोडे अडले. आमच्यातील एक जण म्हणाला, “ज्यांनी मध्येच शाळा सोडली त्यांना माजी विद्यार्थी कसे म्हणणार?” दुसरा म्हणाला, “आपणही सोडलीच की.” त्यावर तिसरा हळूच म्हणाला, “आपली पूर्ण झाली. त्यांची थांबली.” मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आम्हां सगळ्यांना एकाच वेळी आमच्या इंग्रजीच्या सरांची आठवण झाली असावी. कारण ‘थांबणे’ या एका क्रियापदावर त्यांनी आमची जवळजवळ दोन वर्षे घेतली होती.

सरांचे नाव आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही. आपले नाव छापून आलेले त्यांना कधीच आवडले नाही. आणि जे त्यांच्या हाताखाली शिकले त्यांना ते सांगण्याची गरज नाही.

गोष्ट आठवीतील, १९८९ च्या दिवाळीनंतरची. त्या काळी राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. त्यामुळे आठवीत आमचे इंग्रजी जेमतेम तीन वर्षांचे होते. सरांनी ‘माझे कुटुंब’ या विषयावर दहा वाक्ये लिहायला सांगितली होती. आमचा एक वर्गमित्र उभा राहून वाचू लागला. तो बालाघाटच्या डोंगरातील एका गावाचा. आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिकडची मोजणी. धाकटे भावंड लहान होते. आई फडात गेल्यावर त्याला सांभाळायला आणि कोपीवर भाकरी भाजायला कोणीतरी हवे, म्हणून त्याची थोरली बहीण चौथीनंतर त्यांच्याबरोबर जाऊ लागली होती. तिच्याविषयी त्याने एक वाक्य लिहिले होते : ‘माय सिस्टर स्टॉप्ड टू स्टडी.’

वाक्यात काही चूक आहे, हे आमच्यापैकी कोणालाच कळले नाही. सर मात्र थांबले. त्यांनी वही मागून घेतली नाही, की तांबडी शाई चालविली नाही. त्यांनी मराठीत विचारले, “तुझी बहीण शिकायला थांबली आहे, की शिकायची थांबली आहे?”

तो खाली पाहून म्हणाला, “शिकायची थांबली, सर.”

वर्गात शांतता पसरली. सरांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘शी स्टॉप्ड स्टडिइंग’ म्हणजे तिचे शिकणे बंद झाले. ‘शी स्टॉप्ड टू स्टडी’ म्हणजे दुसरे काहीतरी करता करता ती थांबली, आणि ती थांबली ते शिकण्यासाठी. एकाच क्रियापदाच्या पुढे क्रियापदाचे रूप बदलले की अर्थ उलटतो. एकात शिकणे संपते, तर दुसऱ्यात सुरू होते. सर म्हणाले, “इंग्रजांच्या मुलांनाही हे शिकावे लागते. तुम्हांला मात्र येतेच. घरी पाहुणे आले तर आई त्यांना काय म्हणते?” आम्ही एका सुरात सांगितले, “जेवायला थांबा.” “आणि ‘जेवायचे थांबा’ असे म्हणाली तर?” सगळा वर्ग हसला. पाहुणा भरल्या ताटावरून उठून जाईल, हे समजायला कोणालाही व्याकरण लागले नाही. ‘पाऊस पडायचा थांबला’, ‘बाळ रडायचे थांबले’, ‘तो पाणी प्यायला थांबला’ अशी वाक्ये आम्ही जन्मापासून बोलत होतो. ‘ला’ आणि ‘चा’ या दोन अक्षरांतले अंतर आमच्या मायबोलीने आम्हांला दुधाबरोबरच पाजले होते. ते इंग्रजीत कोठे सांभाळायचे, एवढेच शिकायचे होते.

आमचा मित्रही त्या दिवशी हसला. त्याने वहीतले वाक्य खोडून नवे लिहिले. व्याकरण दुरुस्त झाले. त्याच्या बहिणीच्या बाबतीत मात्र सरांना काहीच करता आले नाही. आपल्या शाळेत त्या काळी मुलींचे वसतिगृह नव्हते. ही गोष्ट सरांच्या मनाला लागली होती, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले.

त्या दिवसापासून सरांनी आम्हांला एक वेगळी वही घालायला लावली. थांबण्याविषयीचे इंग्रजी क्रियापद भेटले की ते त्या वहीत लिहायचे, त्याच्याशेजारी आपल्या वापरातले मराठी क्रियापद लिहायचे आणि दोहोंखाली वसतिगृहातील एक उदाहरण द्यायचे. आमच्यातील एकाने ती वही अजून जपून ठेवली आहे. त्या रविवारी ती समोर ठेवूनच आम्ही बसलो होतो. तिच्यातील काही पाने येथे उलगडतो.

पहिले पान ‘स्टॉप’चे. या शब्दाचा मूळ अर्थ थांबणे असा नव्हताच. भोक बुजवणे, तंतूंचा बोळा कोंबून फट बंद करणे, असा तो होता. बाटलीच्या बुचाला ‘स्टॉपर’ म्हणतात ते त्यामुळेच. वाहते पाणी अडवणे आणि चालता माणूस थांबणे, हे दोन्ही अर्थ पुढे त्यातूनच वाढले. म्हणून ‘स्टॉप’ हे सर्वांत रोखठोक क्रियापद. पुढे काय होणार, याविषयी ते काहीच सांगत नाही. घड्याळ थांबले, तर ते किल्ली दिल्यावर चालेल की कायमचे गेले, हे ‘स्टॉप’ला ठाऊक नसते. सरांनी याखाली उदाहरण घातले होते ते आपल्या फाट्यावरच्या विनंती थांब्याचे. विनंती केली तरच एस.टी. थांबे. हात न दाखविणाऱ्याला ती धूळ उडवून मागे टाकी.

दुसरे पान ‘पॉज’चे. शाळेत एक टेपरेकॉर्डर होता. इंग्रजी उच्चारांच्या कॅसेट ऐकविण्यासाठी तो शनिवारी वर्गात येई. सरांनी प्लेचे बटण दाबले आणि मग स्टॉपचे. प्लेचे बटण खट्कन वर आले. त्यांनी पुन्हा प्ले दाबले आणि या वेळी पॉज दाबले. आवाज बंद झाला, पण प्लेचे बटण दाबलेलेच राहिले. “पाहा,” सर म्हणाले, “आवाज दोन्ही वेळा बंद झाला. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. फरक बटणाकडे पाहणाऱ्याला कळतो.” ‘पॉज’ या क्रियापदात पुन्हा सुरू होण्याचे आश्वासन असते. वाचता वाचता आपण स्वल्पविरामापाशी थांबतो, तो पॉज. पूर्णविरामाला इंग्रजीत ‘फुल स्टॉप’ म्हणतात, ‘फुल पॉज’ म्हणत नाहीत. ही विरामचिन्हे मराठीत रुजविण्याचे पुष्कळसे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, हेही आम्हांला तेव्हाच कळले. मराठीत दोन्हींना आपण ‘विराम’च म्हणतो आणि ‘स्वल्प’, ‘अर्ध’, ‘पूर्ण’ अशी मापे त्यांना लावतो. ‘पॉज’च्या शेजारी आम्ही ‘विसावणे’ आणि ‘दम खाणे’ ही क्रियापदे लिहिली. डोक्यावर मोळी असलेला माणूस बांधावर दम खातो, तेव्हा तो मोळी टाकून देत नाही.

तिसरे पान ‘हॉल्ट’चे. हा शब्द इंग्रजीत जर्मन बाजूने आला आणि सैन्याच्या तोंडी रुळला. त्याच्या मुळाशी धरून ठेवण्याचा अर्थ आहे. कवायतीच्या मैदानावर ‘थम’ असा हुकूम सुटताच सगळे पाय एकदम थबकत, तो ‘हॉल्ट’. त्यात थांबणाऱ्याची इच्छा विचारलेली नसते. रेल्वेच्या लहानशा थांब्यालाही ‘हॉल्ट’च म्हणतात. वाटेवरचा मुक्काम, असा त्याचा सौम्य अर्थ आहे. मुक्काम करणारा सकाळी पुढे जाणार, हे ज्याच्या दारी तो उतरला त्यालाही माहीत असते.

चौथे पान ‘सीज’चे. हे क्रियापद गंभीर आणि दरबारी. बंदुका थांबतात त्याला ‘सीजफायर’ म्हणतात. काश्मीरच्या पहिल्या युद्धातील शस्त्रसंधी १ जानेवारी १९४९ रोजी अमलात आली, तेव्हा गोळीबार थांबला, प्रश्न मात्र मिटला नाही. सरांनी एक गंमत दाखविली. ‘स्टॉप’च्या पुढचे रूप बदलले की अर्थ पालटतो, पण ‘सीज’च्या पुढे कोणतेही रूप ठेवा, अर्थ फारसा हलत नाही. एखादी गोष्ट असण्याचीच थांबली की तेथे ‘सीज’ येते. बौद्ध वाङ्मयाच्या इंग्रजी अनुवादांत ‘निरोध’ या पाली शब्दासाठी याच कुळातला ‘सेसेशन’ हा शब्द वापरतात. तो साध्या ‘स्टॉप’ने का भागत नाही, हे आम्हांला त्या वयात अर्धेच समजले.

पाचवे पान ‘क्विट’चे. आमच्यापैकी अनेकांना याचाही अर्थ ‘थांबणे’ असाच वाटे. सरांनी विचारले, “८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर इंग्रजांना ‘थांबा’ म्हटले होते काय?” ‘क्विट इंडिया’चे मराठीत ‘चले जाव’ झाले, ‘थांबा’ झाले नाही. ‘क्विट’ म्हणजे सोडून जाणे, हात मोकळे करणे. त्याच्या मुळाशी मोकळेपणाचा आणि शांततेचा अर्थ आहे. न्यायालयात आरोपी निर्दोष सुटतो, त्यासाठीचा ‘ॲक्विट’ हा शब्दही त्याच घरातला. म्हणून जो ‘क्विट’ करतो तो आपल्या मनाने करतो. ज्याला दाराबाहेर ढकलले, त्याने ‘क्विट’ केले असे म्हणणे हा शब्दाचाही अन्याय आणि माणसाचाही.

सहाव्या पानावर ‘सस्पेंड’ आणि ‘ॲडजर्न’. ‘सस्पेंड’चा मूळ अर्थ टांगून ठेवणे. आपल्या ‘निलंबन’ या शब्दातही ‘लंब’ म्हणजे लोंबणेच आहे. निलंबित झालेला कर्मचारी ना आत ना बाहेर, पण त्याची नोकरी गेलेली नसते. ‘ॲडजर्न’मध्ये दिवसाचा अर्थ दडलेला आहे. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचे मूळ ‘अमुक दिवसापर्यंत पुढे ढकलणे’ असे आहे. आपल्या विद्यार्थी संसदेत अध्यक्ष ‘सभा तहकूब’ म्हणत, ते हेच. लोकसभेचे कामकाज तहकूब होणे, सत्र समाप्त होणे आणि लोकसभा विसर्जित होणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तहकुबी सभागृहाचे अध्यक्ष करतात, सत्रसमाप्ती आणि विसर्जन राष्ट्रपती करतात. तहकुबीनंतर तेच सदस्य परत येतात, विसर्जनानंतर निवडणूक होते. सर म्हणत, “सभागृह तिन्ही वेळा रिकामेच दिसते. कोणत्या शब्दाने रिकामे झाले, यावर पुढचे सगळे अवलंबून.”

आणि सातव्या पानावर एकच क्रियापद होते : ‘ॲबॉलिश’. संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यतेविषयी हेच क्रियापद आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने तो अनुच्छेद स्वीकारला. सरांनी विचारले, “तेथे ‘स्टॉप’ का नाही?” आमच्यातील एकाने उत्तर दिले, “कारण जे थांबते ते पुन्हा सुरू होऊ शकते, सर.” सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नुसते थांबविणे पुरेसे नव्हते. ती प्रथा नष्ट करायची होती, आणि पुन्हा कोणी ती पाळली तर त्याला शिक्षा करायची होती. मसुदा समितीच्या अध्यक्षांना इंग्रजी क्रियापदांतला भेद पुस्तकातून शिकावा लागला नव्हता, असे सर म्हणाले. त्याचा अर्थ आम्ही वयाने वाढत गेलो तसा आम्हांला उलगडत गेला.

त्याच पावसाळ्यात वर्षावासानिमित्त भंतेजी शाळेत मुक्कामाला होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी राहतात, चारिका करीत नाहीत. सरांनी लगेच विचारले, “हे चालायचे थांबणे झाले, की ऐकवायला थांबणे?” भंतेजी हसून म्हणाले, “दोन्ही.” त्याच संध्याकाळी त्यांनी अंगुलिमालाची कथा सांगितली. तो दरोडेखोर धावत होता आणि तथागत सावकाश चालत होते, तरी त्याला ते गाठता येईनात. त्याने ओरडून त्यांना थांबायला सांगितले. चालता चालताच तथागतांनी त्याला उत्तर दिले की आपण केव्हाच थांबलो आहोत, थांबायचे राहिले आहे ते त्याचेच. कथा आम्ही पूर्वीही ऐकली होती. पण दुसऱ्या दिवशी सरांनी ती इंग्रजीत लिहायला दिली, तेव्हा तिच्यात ‘थांबणे’ हे एक क्रियापद नसून दोन आहेत, हे प्रथमच दिसले. दरोडेखोर म्हणतो ते पायांचे थांबणे, ‘हॉल्ट’. तथागत म्हणतात ते हिंसेपासून कायमचे परतणे. दोघांच्या तोंडी शब्द एकच आहे, आणि त्या एका शब्दातले अंतर कळताच अंगुलिमालाच्या हातातले शस्त्र गळून पडते.

हे सगळे आम्ही शिकलो आणि आमच्या वह्या भरल्या. परीक्षा मात्र पुढे होती.

१९९० च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. आम्ही नववीत होतो. सुट्टी संपवून परतलो, तेव्हा आमच्या त्या मित्राची पेटी वसतिगृहातील तिच्या जागी होती, पण तो आला नव्हता. त्याच्या वडिलांचा पाय बैलगाडीखाली सापडला होता. कोयता मोडला तर उचल फिटणार नव्हती, म्हणून आईबरोबर तोच फडात उभा राहिला होता. गावाकडच्या एका मुलाने ही बातमी आणली. आम्ही चार दिवस हळहळलो आणि मग सहजपणे म्हणू लागलो, “त्याने शाळा सोडली.” वहीतले ‘क्विट’चे पान आमच्यापैकी कोणालाही आठवले नाही.

सर आमचे वर्गशिक्षक होते. हजेरी घेताना त्याचे नाव आले की ते ते नेहमीसारखेच मोठ्याने उच्चारीत, क्षणभर थांबत, आणि मग पुढचे नाव घेत. सुरुवातीला आम्ही एकमेकांकडे पाहून हसत असू. नंतर हसणे बंद झाले.

ते बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. महापरिनिर्वाणदिनी शाळेत इंग्रजी भाषणे व्हायची होती. आमच्यातील एकाने भाषण पाठ करून सरांना ऐकविले. त्यात एक वाक्य होते : ‘ही लेफ्ट हिज स्टडीज इन लंडन.’ सरांनी त्याला तेथेच अडविले. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परत यावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळविली होती : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची. मुंबईत सिडनॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या मित्राने हात दिला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. “याला ‘लेफ्ट’ म्हणतोस?” सरांनी विचारले. त्यांनी फळ्यावर लिहिले : ‘हिज स्टडीज वेअर इंटरप्टेड.’ ‘इंटरप्ट’ म्हणजे मध्येच तोडणे. आपण ‘खंड पडला’ म्हणतो, त्यातही तुटणेच आहे. ज्याच्यात खंड पडतो त्याची दोन्ही टोके शिल्लक असतात आणि ती जोडता येतात. मग सरांनी आमच्याकडे वळून आमच्या मित्राचे नाव घेतले आणि विचारले, “त्याच्या बाबतीत कोणते क्रियापद वापरता?”

आम्ही माना खाली घातल्या. त्याच आठवड्यात आम्ही ठरविले की त्याला टिपणे पाठवायची. गणिताची आणि इंग्रजीची टिपणे कार्बन लावून लिहिली आणि गावाकडे जाणाऱ्याबरोबर दोनदा पाठविली. तिसऱ्यांदा मात्र पाठविली नाहीत. नाताळ आला, क्रीडास्पर्धा आल्या आणि आमच्या लक्षातून ते गेले. त्याच्या शिक्षणात खंड पडला होता तो परिस्थितीमुळे. आमच्या टिपणांत पडला तो आमच्यामुळे. हे आज येथे लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

नियमाप्रमाणे पुढे त्याचे नाव पटावरून कमी करावे लागले. दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘शिक्षण सोडले’ असे लिहिण्याचा प्रघात होता. सर मुख्याध्यापकांकडे जाऊन बसले, आणि तेथे ‘पालकांचे कामानिमित्त स्थलांतर’ असे शब्द आले. त्या शब्दांनी नियमात काही फरक पडला असेल असे आम्हांला वाटत नाही. पण तो दाखला नेण्यासाठी कारखान्याचा पट्टा पडल्यावर आमचा मित्र आला, तेव्हा त्याने तो रकाना वाचला आणि दाखला घडी करून खिशात ठेवला. वसतिगृहातील पेटी मात्र त्याने नेली नाही. “राहू द्या सर,” एवढेच तो म्हणाला. प्लेचे बटण दाबलेले आहे, हे आम्हांला त्याच क्षणी कळायला हवे होते.

१९९५ मध्ये तो दहावी झाला. सरांनी त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून दिला होता. दोन हंगामांच्या मधल्या पावसाळ्यात तो सरांच्या घरी येऊन अभ्यास करी. आम्ही तोवर महाविद्यालयांत पांगलो होतो, आम्हांला हे ठाऊकही नव्हते. आज तो एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. ज्या गाड्यांवर त्याने कधी मोळ्या चढविल्या, तशाच गाड्या तो आता तोलतो. आमच्या यादीत मात्र तो कोठेच बसत नव्हता. आपल्या शाळेतून तो दहावी झाला नाही, आणि १९९२ च्या तुकडीत तर नव्हताच.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही त्याला फोन केला. शाळा सोडल्याचे वर्ष कोणते लिहायचे, असे विचारले. पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, “सोडली नव्हती रे. सुटली होती.”

आम्ही फोन ठेवला आणि बराच वेळ त्या दोन क्रियापदांकडे पाहत राहिलो. सोडणे माणसाच्या हातचे असते. सुटणे हातून होते. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता घंटा झाली की आपण काय म्हणत असू? ‘शाळा सुटली.’ ती दुसऱ्या दिवशी पुन्हा भरणार असे, म्हणूनच आपण धावत सुटत असू. इंग्रजीतल्या इतक्या क्रियापदांनी भरलेल्या आमच्या वहीत हे एक मराठी क्रियापद लिहायचे राहून गेले होते.

सरकारी कागदांत मध्येच शाळेबाहेर गेलेल्या मुलांच्या हिशेबाला ‘गळती’ म्हणतात. तो शब्द आम्हांला आता टोचतो. मडके गळते तेव्हा पाण्याची चूक नसते, भोक मडक्याला असते. वहीच्या पहिल्या पानावर ‘स्टॉप’चा मूळ अर्थ लिहिला आहे, भोक बुजवणे. आपल्या संस्थेने पुढे मुलींचे वसतिगृह काढले आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांना हंगामभर ठेवून घेण्याची व्यवस्था केली. हे दोन्ही ठराव संस्थेपुढे पहिल्यांदा कोणी मांडले, ते बैठकीच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. आम्ही ते वाचले तेव्हा आठवीतले ते एक वाक्य आणि वर्गात पसरलेली शांतता आम्हांला आठवली. आमच्या मित्राची बहीण त्या वसतिगृहात कधी येऊ शकली नाही. ते झाले तेव्हा तिची स्वतःची मुले शाळेच्या वयाची झाली होती. तिच्या बाबतीत ‘शिकायची थांबली’ हेच वाक्य खरे राहिले, आणि ते कोणत्याही व्याकरणाने बदलता येणार नाही.

यादीतील बाकीच्या तेरा जणांविषयीही आम्ही शोध घेतला. चौघे वडिलांच्या बदलीमुळे वा इतर कारणाने दुसऱ्या शाळांत गेले होते. एक जण सातवीच्या उन्हाळ्यात तापाने गेला. त्याच्यासाठी पूर्णविरामाखेरीज दुसरे चिन्ह नाही. उरलेले आठ जण कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी मुंबईत नाक्यावर कामाला गेले. त्यांतील पाच जणांशी आमचे बोलणे झाले. पाचांपैकी कोणीही ‘मी शाळा सोडली’ असे म्हटले नाही.

म्हणून समितीला आमची विनंती आहे. आमच्या तुकडीची यादी आम्ही ४१ नावांची पाठवीत आहोत. ‘शाळा सोडल्याचे वर्ष’ हा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे. त्याऐवजी ‘शाळेत होते तो काळ’ असा रकाना घालावा. कोणी सहा वर्षे होता, कोणी दोन. पण जितके दिवस होता तितके दिवस तो शिकायलाच थांबला होता. इतर तुकड्यांच्या माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या याद्या पुन्हा एकदा तपासाव्यात, आणि ज्यांची नावे मध्येच गळली त्यांना एक फोन करावा. महोत्सवाच्या दिवशी सरांच्या वर्गात हजेरी घेण्याचा आमचा बेत आहे. आमचा मित्र काट्यावरची पाळी बदलून घेणार आहे. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. आवाज क्षीण झाला आहे, पण नावे त्यांना पाठ आहेत. हजेरीत एखाद्या नावापाशी ते क्षणभर थांबले, तर या वेळी तेथून ‘हजर, सर’ असे उत्तर यावे, एवढीच आमची इच्छा आहे.